शब्दांचा ताळा

व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. मारवाडकडील महाजनी लिपीत काना, मात्रा, वेलांटी लिहिण्याची चाल जवळजवळ नव्हती. व्यंजने मांडावयाची आणि स्वर वाचणाऱ्याने आपल्या अनुभवाने भरावयाचे, असा रिवाज. एकदा परगावच्या पेढीवरून घरी पत्र आले. लिहिणाऱ्याला कळवायचे होते की, शेठजी अजमेरला गेले आहेत, मोठी वही पाठवून द्यावी. घरच्यांनी ‘अजमेर गए’ हे ‘आज मर गए’ असे वाचले आणि ‘बड़ी बही’ची ‘बड़ी बहू’ केली. शेठजी आज वारले, मोठ्या सुनेला पाठवा! घरात आकांत उसळला, सून रडत रडत गाडीत बसली आणि पेढीवर पोहोचल्यावर पाहते तो शेठजी अजमेरहून परत येऊन गादीवर बसलेले.

गोष्ट हसण्यासाठी सांगितली जाते. पण तिच्यात व्यापाराचे एक जुने दुखणे आहे. आकड्यांची चूक पकडण्याची सोय आपल्या पूर्वजांनी पक्की करून ठेवली होती. रोजमेळ, खतावणी, जमा आणि नावे या दोन बाजू, आणि शेवटी ताळा. एका पैशाचा फरक पडला तरी दिवाणजी कंदिलाच्या उजेडात बसत. शब्दांना मात्र असा ताळा नव्हता. मोडी लिपीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे; मजकूर समजला म्हणजे झाले, अशी वृत्ती होती. म्हणूनच बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे शब्द छापून मोकळे होण्याची रीत पडली.

आज पत्रे पेढीच्या भिंतीआड राहत नाहीत. इंग्रजी पत्रव्यवहार, निर्यातीचे कागद, करार, कर्जाचे अर्ज, संकेतस्थळावरील मालाची वर्णने, ट्रस्टचे अहवाल, सारे काही संगणकावर लिहिले जाते आणि क्षणात दूरवर जाते. अशा वेळी शब्दांचा ताळा पाहणारे एक साधे, विनामूल्य आणि जुने साधन संगणकात उपलब्ध असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे सामर्थ्य काय आणि मर्यादा कोणती, हे दोन्ही समजून घेणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे.

यादीशी यादी

शब्द तपासणाऱ्या संगणकीय कार्यक्रमांचा इतिहास साठ वर्षांहून मोठा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लेस अर्नेस्ट हे हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. यंत्राने वाचलेला शब्द खरोखरच इंग्रजीत आहे की नाही, हे पडताळण्यासाठी त्यांनी १९६१ मध्ये सुमारे १०,००० नेहमीच्या शब्दांची यादी यंत्राला दिली. पुढे स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी १९७१ मध्ये ‘स्पेल’ हा कार्यक्रम लिहिला. तो केवळ चुकीचा शब्द दाखवून थांबत नसे, तर बरोबर शब्द कोणता असावा, याची सूचनाही करीत असे.

ही सूचना कशी करता येते? आयबीएम कंपनीतील फ्रेड डॅमेरो यांनी १९६४ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर गळते, एक जास्तीचे पडते, एकाच्या जागी दुसरे येते किंवा शेजारची दोन अक्षरे जागा बदलतात. चुकीच्या शब्दावर या चारही क्रिया उलट करून पाहिल्या आणि जो शब्द यादीत सापडला तो समोर ठेवला की बहुतेक वेळा काम होते. जमाखर्चात फरक आला की अनुभवी मुनीम प्रथम अंकांची अदलाबदल झाली आहे का, हे पाहतो. युक्ती तीच आहे.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत, जेथे युनिक्स ही संगणकप्रणाली जन्मली, स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ मध्ये एका दुपारी शब्द तपासण्याची युक्ती जुळवली. नवे यंत्र नाही, नवा शोध नाही; हाताशी असलेली लहान लहान साधने एकापुढे एक जोडली, इतकेच. पहिल्याने मजकुरातील शब्द सुटे करून प्रत्येक शब्द एका ओळीवर ठेवला. दुसऱ्याने सर्व ओळी अकारविल्हे लावाव्यात तशा वर्णानुक्रमे लावल्या. तिसऱ्याने पुन्हा आलेले शब्द गाळले. चौथ्याने ही यादी आणि वर्णानुक्रमे लावलेली शब्दकोशाची यादी शेजारी शेजारी ठेवून, जे शब्द पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत तेवढे बाहेर काढले.

बँकेचा खातेउतारा आणि दुकानाचे बँकखाते शेजारी ठेवून एकेका रकमेवर खूण करीत जाणारा कोणीही कारकून ही पद्धत ओळखेल. खूण न झालेल्या नोंदी तेवढ्या उरतात आणि त्यांचाच शोध घ्यावा लागतो. शब्दतपासणी म्हणजे मुळात हीच ताळमेळाची पद्धत होय.

त्याच प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी पुढे या साधनाला खरे बळ दिले. त्या काळच्या संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती की, ३०,००० शब्दांची यादी ६४ किलोबाइटच्या जागेत दाटीवाटीने बसवण्यासाठी त्यांना गणिताची कसरत करावी लागली. परंतु त्यांनी घेतलेला एक निर्णय जागेच्या टंचाईपेक्षा महत्त्वाचा होता. शब्दकोश जितका मोठा तितकी तपासणी चांगली, हा समज त्यांनी नाकारला. यादीत दुर्मीळ शब्द भरत गेले, तर नेहमीच्या शब्दाची चूक एखाद्या दुर्मीळ शब्दाशी जुळते आणि निर्धास्तपणे सुटून जाते. प्रत्येकाला उधारी देणारा दुकानदार अडचणीत येतो, तसेच प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणारा कोश निरुपयोगी ठरतो.

एका ओळीची आज्ञा

आज प्रचारात असलेली दोन साधने म्हणजे ॲस्पेल आणि हनस्पेल. केव्हिन ॲटकिन्सन यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेले ॲस्पेल हे मुक्त आज्ञावली चळवळीतील ग्नू प्रकल्पाचा भाग आहे. चुकीच्या शब्दाचा उच्चार कोणत्या शब्दाच्या जवळ जातो, याचाही विचार ते करते. त्यामुळे त्याच्या सूचना नेमक्या असतात. हनस्पेल हे हंगेरीतील लास्लो नेमेथ यांचे काम. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम यांसारख्या कार्यक्रमांत शब्दाखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ याच साधनाच्या आधारे येते. म्हणजे अनेक वाचक ते नकळत वापरतच आहेत.

मग पडद्यावर लाल रेघ दिसत असताना काळ्या खिडकीत आज्ञा टंकण्याचा खटाटोप कशासाठी? याची कारणे तीन आहेत. पहिले म्हणजे, लाल रेघ एका वेळी एकाच उघडलेल्या कागदावर दिसते. वर्षभराची तीनशे पत्रे उघडून कोणी पाहत बसत नाही. दुसरे, सतत दिसणाऱ्या रेघेची डोळ्यांना सवय होते आणि नावांखालच्या अनेक रेघांत खऱ्या चुकीची रेघ हरवते. तिसरे कारण व्यापाऱ्याला सर्वांत मोलाचे आहे. हे साधन आपल्या संगणकातच चालते, त्याला इंटरनेट लागत नाही. भाव, ग्राहकांची नावे, कराराच्या अटी कोणत्याही परक्या संगणकाकडे जात नाहीत. पेढीची गोष्ट पेढीतच राहते.

लिनक्स प्रणालीवर ॲस्पेल सहज बसवता येते. मॅकवर आणि विंडोजमधील लिनक्सच्या सोयीतही ते चालते. मजकूर साध्या टेक्स्ट स्वरूपात हवा. पीडीएफ असेल तर ‘पीडीएफटूटेक्स्ट’ आणि वर्डची फाइल असेल तर ‘पॅनडॉक’ ही विनामूल्य साधने तो साधा करून देतात. त्यानंतर टर्मिनलच्या खिडकीत रोमन लहान अक्षरांत ‘ॲस्पेल’, एक जागा सोडून ‘चेक’, पुन्हा जागा सोडून फाइलचे नाव, एवढेच टंकावयाचे.

पडद्यावर मजकूर येतो, संशयित शब्द ठळक दिसतो आणि खाली क्रमांक घातलेल्या सूचना येतात. योग्य सूचनेचा क्रमांक दाबला की शब्द बदलतो. ‘आय’ दाबल्यास तो शब्द तेथे तसाच सोडला जातो. मोठा ‘आय’ दाबल्यास सर्व ठिकाणी सोडला जातो. ‘आर’ने आपण स्वतः शब्द टंकून बदल करू शकतो. ‘ए’ दाबल्यास तो शब्द आपल्या खासगी यादीत कायमचा जमा होतो. ‘एक्स’ने काम संपते आणि ‘बी’ने सर्व बदल सोडून बाहेर पडता येते. मूळ फाइलची एक प्रतही साधन आपोआप बाजूला ठेवते. चुकून भलताच बदल झाला तरी मूळ कागद हाती राहतो.

आरंभी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे कोणती इंग्रजी. भारतात ब्रिटिश वळण रूढ आहे, तर अनेक संगणकांत अमेरिकी कोश आधीपासून असतो. मग ‘कलर’ आणि ‘ऑनर’ या शब्दांतील ‘यू’ हे अक्षर त्याला चूक वाटू लागते. आज्ञेतच ब्रिटिश इंग्रजीचा कोश निवडला की ही कटकट मिटते.

याहून उपयोगी आज्ञा म्हणजे ‘लिस्ट’. ती फाइलला हात लावत नाही. केवळ संशयित शब्दांची यादी देते. ‘ॲस्पेल लिस्ट’च्या पुढे डावीकडे टोक असलेला बाण, त्यापुढे फाइलचे नाव, मग एक उभी रेघ आणि ‘सॉर्ट’, पुन्हा उभी रेघ आणि ‘युनिक’, त्यापुढे जागा सोडून ‘वजा सी’, पुन्हा उभी रेघ, ‘सॉर्ट’ आणि जागा सोडून ‘वजा एन’. उभी रेघ म्हणजे एका साधनाचे उत्पन्न दुसऱ्याच्या ओटीत घालणारी नळी. यातील ‘युनिक’ हा शब्द यू-एन-आय-क्यू अशा चारच अक्षरांनी लिहावा लागतो. स्पेलिंग तपासताना एक स्पेलिंग मुद्दाम अपुरे टंकावे लागते, ही त्यातली गंमत.

या एका ओळीने प्रत्येक संशयित शब्द आणि तो किती वेळा आला, याचा आकडा पुढे येतो. तीनशे पत्रांचा मजकूर एकत्र केला असेल, तर ही यादी मोठी बोलकी असते. शंभर वेळा आलेला शब्द बहुधा ग्राहकाचे किंवा मालाचे नाव असते. एकदाच आलेला शब्द बहुधा चूक असते. आणि एकच नाव नव्वद वेळा एका प्रकारे व दहा वेळा दुसऱ्या प्रकारे लिहिलेले दिसले, तर तेथे थांबून मूळ कागद काढावा.

नावांची वही

नावांचा हा प्रश्न घरोघरी आहे. एकाच कुटुंबात कोणाच्या पॅन कार्डावर ‘शाह’, कोणाच्या आधारवर ‘शहा’, तर भागप्रमाणपत्रावर आणखी तिसरेच रूप असते. वडिलांच्या पश्चात वारसांना भाग आपल्या नावे करून घेताना प्रतिज्ञापत्रांची धावाधाव का होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगावयास नको.

येथे साधनाच्या अज्ञानाचाच उपयोग करून घेता येतो. त्याला आपली आडनावे ठाऊक नसतात. म्हणून कुटुंबातील, भागीदारांची आणि नेहमीच्या ग्राहकांची नावे अधिकृत कागदावर जशी आहेत तशीच, त्या एकाच रूपात, खासगी यादीत घालावीत. मग ते रूप मुकाट्याने पुढे जाते आणि नावाचे दुसरे कोणतेही रूप आले की साधन अडवते. अर्थात डोळे मिटून विसंबू नये. ‘शाह’ हा शब्द इराणच्या राजाची पदवी म्हणून इंग्रजी कोशात आधीपासून आहे. त्यामुळे तो अडवला जात नाही.

खासगी यादी ही एक साधी फाइल असते. ती अधूनमधून उघडून वाचावी. घाईत ‘ए’ दाबून एखादी चूक तीत एकदा जमा झाली की पुढे वर्षानुवर्षे ती बरोबर म्हणून चालू राहते. खतावणीत पहिल्या पानावर झालेली चूक शेवटपर्यंत ओढली जाते, तसाच हा प्रकार.

सूचना आंधळेपणाने स्वीकारण्याचे फळ काय, याचे जगप्रसिद्ध उदाहरण युरोपातील आहे. काही जुन्या कोशांत सहकार्य या अर्थाचा ‘को-ऑपरेशन’ हा शब्द मध्ये आडवी रेघ असलेलाच होता. रेघ न देता तो लिहिला की साधन त्याऐवजी कॅलिफोर्नियातील ‘कूपरटिनो’ या गावाचे नाव सुचवी. टंकणारे ते स्वीकारीत. परिणामी युरोपीय संघ, संयुक्त राष्ट्रे आणि नाटो यांच्या कागदांत राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्याऐवजी कूपरटिनो अवतरले. या प्रकाराला पुढे ‘कूपरटिनो परिणाम’ असेच नाव पडले.

मराठीची अडचण

मराठीसाठीही ॲस्पेलचा कोश उपलब्ध आहे. मात्र मराठीचे काम इंग्रजीपेक्षा अवघड आहे. इंग्रजीत शब्दाची रूपे मोजकी. मराठीत ‘दुकान’ या एका शब्दापासून दुकानाला, दुकानातून, दुकानापुढचा, दुकानांमध्येसुद्धा अशी रूपांची रांग लागते. साऱ्यांची यादी करणे अशक्यप्राय. हंगेरी भाषाही अशीच प्रत्ययांची आहे. म्हणूनच हनस्पेलमध्ये मूळ शब्दांची एक फाइल आणि प्रत्यय लावण्याच्या नियमांची दुसरी फाइल अशी व्यवस्था झाली. प्रत्यय लागताना मराठीत मूळ शब्दही बदलतो. दूधचे दुधाला होते, पूलचे पुलावर होते, जमीनचे जमिनीत होते. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने मान्य केलेले १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, अशा अठरा शुद्धलेखन नियमांत या बदलांची व्यवस्था आहे. ते नियम जितके नीट त्या फाइलीत उतरतील तितकी तपासणी चांगली.

आणखी दोन अडचणी व्यवहारातल्या आहेत. अनेक छापखान्यांत आजही जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले जातात. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कोणतेही साधन तपासू शकत नाही. दुसरे असे की, युनिकोडमध्येही डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरे आतून निराळी असू शकतात. ‘तऱ्हा’मधील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, ‘बँक’पुढे लिहिल्या जाणाऱ्या ‘ॲडव्हान्स’मधील पहिले अक्षरही एकाहून अधिक प्रकारे येते. शब्द बरोबर दिसत असूनही साधन अडवत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

यंत्राला न दिसणारी चूक

येथवर साधनाचे गुण झाले. आता त्याच्या मर्यादेकडे वळले पाहिजे, कारण व्यापाऱ्याचे खरे नुकसान तेथेच होते.

साधन एकच प्रश्न विचारते, हा शब्द भाषेत आहे काय? तुम्हाला हाच शब्द म्हणायचा होता काय, हे ते विचारू शकत नाही. मराठीत ‘वर्धापन दिन’च्या निमंत्रणावर ‘वर्धापन दीन’ छापले गेले, तरी ते गप्प राहील; कारण दीन म्हणजे गरीब, हाही शब्द आहे. ‘उधार’चे ‘उदार’ झाले तरी हरकत घेणार नाही. सर्वांत घातक जोडी म्हणजे ‘देणे’ आणि ‘येणे’. एका अक्षराने कर्जदाराचा सावकार होतो आणि दोन्ही शब्द शुद्ध असतात. इंग्रजीत ‘नाऊ’ आणि ‘नॉट’ या दोन शब्दांत शेवटच्या एकाच अक्षराचा फरक. माल आता पाठवू शकतो आणि माल पाठवू शकत नाही, या दोन वाक्यांमधले अंतर तेवढेच.

जगाचा व्यवहार कोणत्या चुका पोटात घालतो, हे पाहिले म्हणजे ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. निर्यातीच्या पतपत्राचे कागद बँका यूसीपी ६०० या नियमांनुसार तपासतात; ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांच्या जोडीला इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने तपासणीची मार्गदर्शिका दिली आहे. तिच्यानुसार अर्थ न बदलणारी स्पेलिंगची चूक हा दोष मानला जात नाही. ‘मशीन’ किंवा ‘मॉडेल’ या शब्दांतील अक्षर चुकले तर कागद परत करता येत नाहीत. पण मॉडेल ३२१ च्या जागी मॉडेल १२३ लिहिले गेले, तर तो दोष ठरतो आणि पैसे अडू शकतात.

आपल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेतही हाच विवेक दिसतो. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार, ई-वे बिलात माल पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या नावाचे स्पेलिंग चुकले पण जीएसटीआयएन बरोबर असेल, तर माल अडवून मोठा दंड करावयाचा नाही. केंद्रीय व राज्य कायद्यांखाली प्रत्येकी ५०० रुपयांच्या दंडावर प्रकरण मिटते. नावाची चूक क्षम्य आहे, पण क्रमांक बरोबर असण्याच्या अटीवर.

धनादेशाचे उदाहरण तर रोजचे आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. व्यवहारात तर असा धनादेश बहुधा परतच येतो. ‘नाइन्टीन’ लिहिण्याऐवजी ‘नाइन्टी’ लिहिले गेले, तर एकोणीसचे नव्वद होतात. स्पेलिंग मात्र निर्दोष असते.

या तिन्ही उदाहरणांचा निष्कर्ष व्यापाऱ्याने मनावर कोरून ठेवावा असा आहे. यंत्र ज्या चुका पकडते, त्या जग बहुधा माफ करते. जग ज्या चुका माफ करीत नाही, त्या यंत्राला बहुधा दिसतच नाहीत.

एका ‘एस’ची किंमत

ब्रिटनमधील एक प्रकरण या निष्कर्षाची साक्ष देते. वेल्समधील कार्डिफ शहरात ‘टेलर अँड सन्स लिमिटेड’ ही अभियांत्रिकी कंपनी होती. दोनशे वर्षांहून जुनी, अडीचशेंहून अधिक माणसांना काम देणारी. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘टेलर अँड सन लिमिटेड’ या सर्वस्वी वेगळ्या कंपनीच्या दिवाळखोरीची नोंद करताना कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाने ती कार्डिफच्या कंपनीच्या नावे केली. सन आणि सन्स. फरक एका ‘एस’ अक्षराचा.

चूक काही दिवसांतच दुरुस्त झाली. परंतु तोवर पतमापन संस्थांकडे बातमी गेली होती. पुरवठादारांनी उधारी थांबवली, ग्राहक बिचकले, बँकेचा आधार गेला. दोनच महिन्यांत कंपनी प्रशासकाच्या हाती गेली. कंपनी बुडालेली नाही, हे सांगता सांगताच ती खरोखर बुडाली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला या निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. पण तोवर सहा वर्षे लोटली होती आणि कामगार कधीच पांगले होते.

हे कागद जगातील कोणत्याही शब्दतपासणी साधनापुढे ठेवले असते, तरी त्याने एकही शब्द अडवला नसता. ‘सन’ हा शब्द बरोबर, ‘सन्स’ हाही बरोबर. चूक केवळ त्याच माणसाला दिसली असती, ज्याने शब्दाबरोबर कंपनीचा क्रमांक आणि पत्ता ताडून पाहिला असता. व्यापाऱ्याची पत उभी राहायला पिढ्या लागतात आणि ती कोसळायला एक अक्षर पुरते, याहून वेगळे तात्पर्य या प्रकरणाचे काढता येत नाही.

दोन ताळे

मग यंत्राचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. माणसाची नजर थकते. पन्नास ओळींत गळलेली अक्षरे शोधता शोधता डोळे शिणले की एक्कावन्नाव्या ओळीतील ‘येणे’चे ‘देणे’ झालेले दिसत नाही. यंत्र थकत नाही. हमाली यंत्राने करावी आणि पारख माणसाने करावी, अशी वाटणी झाली की दोघांचेही काम चोख होते. शिवाय स्पेलिंगच्या चुकांनी भरलेले पत्र कायद्याने माफ असले, तरी अनोळखी ग्राहकाच्या मनात शंका निर्माण करते. पहिल्या पत्रातच जो शब्द सांभाळत नाही, तो माल काय सांभाळणार, असे त्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कागदाचे दोन ताळे पाहावेत. पहिला ताळा यंत्राचा; त्याला दोन मिनिटे पुरतात. दुसरा ताळा माणसाचा, आणि तो कागद लिहिणाऱ्याने एकट्याने पाहू नये. आपणच लिहिलेल्या मजकुरात डोळा कागदावरचा शब्द वाचत नाही, मनातला वाचतो. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने समोरच्या प्रतीवर बोट ठेवून पाहावे. या वाचनात स्पेलिंगकडे लक्ष देण्याचे कारण नाही. ते झालेले आहे. लक्ष पाच गोष्टींवर असावे. नावे, क्रमांक, तारखा, अंकी व अक्षरी रकमा, आणि ज्यांच्यामुळे अर्थ उलटतो असे छोटे शब्द, म्हणजे आहे-नाही, येणे-देणे, पूर्वी-नंतर.

घरातील तरुण मुलामुलींना यातील पहिला ताळा शिकायला अर्धा तास लागतो. काळ्या खिडकीची भीती त्यांना नसते. दुसरा ताळा मात्र वडीलधाऱ्यांकडून शिकावा लागतो, कारण कोणता आकडा खटकावा हे अनुभवच सांगतो. टेबलाच्या एका बाजूला नातवंडाने यादी काढावी आणि दुसऱ्या बाजूला आजोबांनी चष्मा लावून कागद ऐकावा, असे दृश्य ज्या पेढीवर दिसेल, तिचे कागद सहसा परत येणार नाहीत.

बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे शब्द पुढेही छापले जातील आणि छापले जावेत. पण त्या शब्दांत जशी क्षमेची विनंती आहे, तसा एक करारही आहे. आपल्याकडून पाहायचे तेवढे पाहून झाले आहे, आता उरलेले समजून घ्यावे, असा. दोन्ही ताळे पाहून मगच हे शब्द लिहिणाऱ्याला ते शोभतात.